हे आपलेच आई-बाबा का? आजी-आजोबा झाल्यावर बदललेली माणसं

रानजाई

आमच्या घरी सकाळी सात पाचच्या प्रादेशिक बातम्या म्हणजे संचारबंदी. आकाशवाणी पुणे. अण्णा खुर्चीत, ट्रान्झिस्टर स्टुलावर, आणि आम्ही तिघं भावंडं चमचा ताटलीला न लावता पोहे खायचो. आवाज झालाच तर अण्णा ओरडायचे नाहीत, नुसते बघायचे. पुरे व्हायचं तेवढं. मी पाचवीत असताना अंगणात पडून गुडघा फुटला होता, तेव्हा आईनं माझ्या तोंडावर हात ठेवून मला मोरीत नेलं होतं, का तर बातम्या चालू होत्या.

काल माहेरी होते. भावाची मुलगी, साडेतीन वर्षांची, अण्णांच्या पोटावर बसलेली. बातम्या सुरू झाल्या आणि तिनं बटण गर्रकन फिरवलं. खर्रर्र. मी स्वयंपाकघरात श्वास रोखून उभी. अण्णा म्हणाले, "या बाईंच्या बातम्या नकोत ना? चल, आपण आपल्या सांगू." मग दोघांनी बातम्या दिल्या. आज सकाळी चिऊताईनं दूध सांडलं. पोलिसांनी मनीमाऊला पकडलं. हवामान छान आहे. आजी रागावलेली आहे. मी हसले खूप, पण तो गुडघा आठवलाच.

रात्रभर विचार करत होते. अण्णा जिल्हा परिषदेत कारकून, दोन बहिणींची लग्नं त्यांनीच केली, घराचं कर्ज, आम्हा तिघांच्या फिया. दिवसभरात त्यांची स्वतःची अशी ती दहा मिनिटंच असतील. मला वाटतं माणूस तोच आहे, अंगावरचं ओझं उतरलंय. ज्या माणसानं कधी केसांवरून हात फिरवला नाही तो आता नातीच्या दोन वेण्या घालतो, रिबिनीची फुलं काढून. कुठे शिकले देव जाणे.

तुमच्याकडे काय आहे? लिहा. गोड, कडू, कसंही.

घाटवाट

अगदी अगदी!! आमचे दादा शाळामास्तर, सातारा जिल्ह्यात. स्वतःच्या पोरांना वर्गात 'सर' म्हणायला लावायचे. तीसपर्यंतचे पाढे उभं राहून, पावकी-निमकी वेगळी. चौथीच्या स्कॉलरशिपच्या वर्षी मी दिवाळीचा किल्ला केला नाही, नव्हे, करू दिला नाही. आता माझा मुलगा इंग्रजी माध्यमात. परवा विचारतो, "आजोबा, एकोणसत्तर म्हणजे किती?" मला वाटलं आता आभाळ कोसळणार. दादा म्हणाले, "सिक्स्टी नाइन रे राजा. अवघडच आहेत आपले आकडे."

अवघड!! मला एकोणसत्तर चुकल्यावर पट्टी बसली होती त्याचं काय.

आणि पंचाहत्तर पूर्ण झाल्यापासून तर विचारू नका. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली ना, तेव्हापासून दर शनिवारी दादा पुण्यात हजर. पिशवीत कंदी पेढे आणि भुईमुगाच्या शेंगा, खिशात आधार कार्ड. कंडक्टर नावानं ओळखतात. मी होस्टेलला होतो तेव्हा भेटायला आले होते ते एकदा, तेही फी भरायला.

वऱ्हाडी ठेचा

आमच्या बाबाचा आवाज फाटकापाशी आला का आमी चारी पोट्टे पुस्तक घेऊन बसत होतो, मंग ते उलटं का असेना. आता नातीनं त्याईच्या पांढऱ्या टोपीत मातीचं वरण शिजवलं त म्हणते कसे, "मीठ जरा कमी पडलं वो माय." मी तिले नुसतं "ए" म्हटलं. त मलेच दटावलं, "काहून रडवतं लेकराले?"

लेकरू रडतच नोतं!!

साबुदाणा

घाटवाट, एसटीवरून आठवलं. आम्ही लहानपणी दोनच्या सीटवर चौघं बसायचो. मे महिन्यात आजोळी जायला. पाच ते बारा अर्धं तिकीट, त्याखाली काही नाही, त्यामुळे धाकटा सदैव आईच्या मांडीवर आणि मी सहा तास बाबांच्या गुडघ्याला टेकून उभी. स्टँडवर गोळी-बिस्किटाचा हट्ट करायचा नाही असं घरातूनच बजावलेलं.

गेल्या महिन्यात बाबा माझ्या मुलाला घेऊन निघाले, तो अजून पाचचाही नाही. कंडक्टर म्हणाला बाळाचं तिकीट लागत नाही. बाबा म्हणाले, "लागत नसू दे, द्या तुम्ही. त्याला त्याची खिडकी पाहिजे." आणि अर्धं तिकीट काढून ते त्याच्याच मुठीत दिलं. पोरगं घरी येईपर्यंत ते तिकीट सोडेना. बाबा पूर्ण रस्ता त्याला सांगत होते, हा खंबाटकी, हा बोगदा, आता अंधार होणार बरं का.

चकली

साबुदाणा, बायकांना अर्धं तिकीट शिवनेरीला पण चालतं का? आईला विचारायचंय.

साबुदाणा

हो, मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांना आहे. पीएमटीला नाही हं, ते वेगळं.

घाटवाट

पीएमपी म्हणा आता, पीएमटी जाऊन किती वर्षं झाली 😀

कैरीचं लोणचं

आमची बाग आहे, रत्नागिरीकडे. ऐका. हापूस आमच्या घरात पिकायचा पण आम्हाला मिळायचा नाही. पहिला तोडा वाशीला, दुसरा वाशीला, सगळंच वाशीला. आम्हाला डागी, वाऱ्यानं पडलेले, नाहीतर रायवळ. माचावर हात लावलेला बाबांना वासावरून कळायचा, शपथ. एकदा भावानं एक चांगलं फळ खाल्लं तर बाबा काही बोलले नाहीत, फक्त संध्याकाळी पेटीत अकराच फळं भरून आईला म्हणाले, "ही डझनाची नाही आता." भावानं नंतर कितीतरी वर्षं आंबा खाल्ला नाही.

आता मार्चमध्ये पहिली पिकलेली फळं बाहेर निघाली की ती नातवंडांची. कोणी व्यापारी दारात उभा असला तरी. सालं काढून, बारीक फोडी करून, स्टीलच्या वाटीत, वर फ्रिजमध्ये अर्धा तास. मुलं खातात आणि बाबा समोर बसून बाठे चोखतात.

मी विचारलं एकदा, आम्हाला का नाही हो कधी? म्हणाले, "तेव्हा त्या पेटीतून तुमची वह्या-पुस्तकं यायची." खरंच आहे. थ्रिप्स आला, अवकाळी आला की त्या वर्षी नवा युनिफॉर्म नसायचा आम्हाला. आता मी आणि भाऊ कमावतो, बागेवर चूल अवलंबून नाही. रानजाई म्हणते तसं ओझंच.

मोरपंखी दुपटं

माझी आई निवृत्त नर्स. सरकारी रुग्णालयात लसीकरणाच्या टेबलावर उभं आयुष्य काढलं. तालुक्यातल्या अर्ध्या पोरांना तिनं टोचलंय. आम्हा बहिणींना तर घरच्या ओट्यावर बसवून टोचायची, "हात सैल सोड, संपलं, जा खेळ." रडायला वेळच द्यायची नाही.

माझ्या लेकीची दीड महिन्याची लस होती. आई आली बरोबर, सगळी ऐटीत, कार्ड वाचून दाखवलं मला, पेंटा, पोलिओ, रोटा. आणि त्या मुलीनं सिरिंज हातात घेतल्याबरोबर माझी आई बाहेर!! कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी. बाळ दोन मिनिटांत गप्प झालं, आई घरी येईपर्यंत डोळे पुसत होती. वर मला म्हणते, "त्या मुलीचा हात जड आहे."

वऱ्हाडी ठेचा

हात जड आहे 😂😂 पुऱ्या वर्गाले एका सुईत टोचत असन त्या जमान्यात

मोरपंखी दुपटं

अहो नाही, उकळून घ्यायच्या काचेच्या सिरिंजा! आई वाचेल हे, मला फोन येईल.

पिंपळपान

लसीवरून विषय निघालाच आहे तर, तुमच्याकडे बाळगुटीवरून महाभारत झालं का? आमच्याकडे चालू आहे आत्ता. सासूबाईंनी सहाण घेऊनच पाऊल ठेवलं घरात. वेखंड, मायफळ, मुरडशेंग, हिरडा, हळकुंड, सगळा डबा. बाळ दीड महिन्याचं. डॉक्टर म्हणतात सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. सासूबाई म्हणतात, "माझी दोन वाढली की यावर." त्यात सासरे मधाचं बोट चाटवतात गुपचूप. सासरे म्हणजे ज्यांनी माझ्या नवऱ्याला बारावीपर्यंत चहा दिला नाही, सवय लागेल म्हणून.

हळदीचं पान

पिंपळपान, मध आधी थांबवा. आज. मी दवाखान्यातच काम करते म्हणून सांगते. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यात एक जंतू बीजरूपात असू शकतो, मोठ्यांना काही होत नाही पण तान्ह्याच्या आतड्यात तो वाढून विष तयार करतो, स्नायू लुळे पडतात. दुर्मीळ आहे पण आहे. वेखंडही पोटात नको.

पण भांडून होणार नाही. आमच्याकडे मी काय केलं, पुढच्या तपासणीला सासूबाईंना आणि मामंजींनाच डॉक्टरांकडे पाठवलं बाळ घेऊन, मी गाडीत बसले. सुनेचं बोलणं वेगळं आणि डॉक्टरांचं वेगळं. आणि त्यांना करायला काहीतरी द्या हो. पायांवर घेऊन आंघोळ, तेल लावणं (नाका-कानात नाही), दुपट्यात बांधणं, झोळीला झोका. आमच्या सासूबाईंसारखं बाळ गुंडाळणं मला जन्मात जमणार नाही. एका घडीत बाळ गप्प. आता शेजारच्या सोसायटीतून बोलावणी येतात त्यांना.

पिंपळपान

बापरे. मधाचं आत्ताच सांगितलं नवऱ्याला, तो बाबांशी बोलतोय. थँक्यू गं.

निनावी सध्या

कडू चालेल म्हणालात म्हणून लिहिते.

माझे वडील आजोबा झाले ते भावाच्या मुलाचे. माझ्या मुली आधीच्या, दोघी. भावाच्या मुलाचं बोरन्हाण केलं तेव्हा अख्खी गल्ली बोलावली होती, हलव्याचा मुकुट, बासरी, फोटोग्राफर. माझ्या मुलींच्या वेळी "तुझ्या सासरी करतील ना ते" एवढंच. तो गेला की मांडीवर, माझ्या गेल्या की "या, बसा." थोरलीला आता कळायला लागलंय. मागच्या वेळी म्हणाली, आजोबांना मी आवडत नाही का. मी काय सांगणार होते.

बाकी सगळ्यांचे अनुभव वाचून छान वाटतंय, खरंच. पण सगळ्या घरात असं नसतं.

रानजाई

निनावी, बरं केलंत लिहिलंत. पोटात कालवलं. मुलीच्या मुलांना पाहुणा करून ठेवायची ही रीत अजून किती घरांत आहे, आमच्या आत्याकडे पण हेच.

हळदीचं पान

निनावी, मिठी. धाकटी केवढी आहे? पाच पूर्ण झाली नसतील तर बोरन्हाण अजून होतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही दिवशी. चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, थोड्या गोळ्या, बास. थोरलीला शेजारी बसवा, तिच्या हातानं ओता. कुणाची वाट बघू नका.

निनावी सध्या

धाकटी तीनची. करतेच. काळ्या कापडाचं झबलं शिवायला आजच टाकते.

चकली

हलव्याचे दागिने तयार मिळतात दादरला नाहीतर पुण्यात तुळशीबागेत, डिसेंबर अखेर गर्दीच्या आधी घ्या. मुलीचा सेट घ्या, बाजूबंद, कंबरपट्टा, हार सगळं येतं त्यात.

वॉकिंग शूज

मी उलट्या बाजूचं लिहितो. आई-बाबा नाशिकचे. आम्ही दोघं हिंजवडीत, मुलगा दहा महिन्यांचा असताना त्यांना घेऊन आलो. किती आनंदात आले. आईची तिथली भजनी मंडळी, बाबांचा गंगापूर रोडचा सकाळचा कट्टा, सगळं सोडून. बाबा तर घोडा काय होतात, लपाछपीत पडद्यामागे काय उभे राहतात.

पण बाबा एकाहत्तरचे आहेत आणि पोरगं दिवसभर पळतं. आईचे गुडघे गेलेत. ती संध्याकाळी आम्ही आलो की हसतमुख असायची, आणि एकदा रात्री पाणी प्यायला उठलो तर ओट्याला धरून उभी होती, पाय उचलत नव्हता. बोलायची नाही. लाड करणं आणि दिवसाचे दहा तास मूल सांभाळणं यात फरक आहे, आपल्या पिढीनं दोन्ही एकच धरलंय.

दुपारी दोनपर्यंतचं पाळणाघर लावलं. आई दुखावली, "आमचं काही चुकलं का?" पंधरा दिवस नीट बोलली नाही. आता सकाळी बागेत जाते, तिथे तिला चार नाशिककर भेटल्या. दुपारी नातू येतो तेव्हा दोघं दारात वाट बघत असतात. आता खरे आजी-आजोबा दिसतात ते. ज्यांचे आई-बाबा पूर्णवेळ सांभाळतायत त्यांनी एकदा गुडघ्यांकडे बघा हो.

शेवंती

माझे बाबा माझ्या लग्नाआधी गेले. खूप कडक होते. वाचतेय सगळं. लिहीत राहा.

घाटवाट

शेवंती 🙏

परदेशी पाखरू

वॉकिंग शूज, पटलं. इकडे न्यू जर्सीत तर आजी-आजोबांची रिले शर्यत असते. टुरिस्ट व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने राहता येतं, म्हणून सहा महिने माझे, सहा महिने नवऱ्याचे. कॅनडातल्या बहिणीचं बरं आहे, तिथे सुपर व्हिसा आहे, २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू देतात. पण पाच वर्षं कोण राहणार, बाबा तर बर्फ बघूनच तिकीट विचारतात.

माझी आई कोल्हापूरची, बोलायला फटकळ. मला तिनं जवळ घेतल्याचं आठवत नाही. दहावीला चांगले मार्क पडले तर म्हणाली, "बरं झालं, आता पुढचं बघ." ती आली बाळंतपणाला. बॅगेत तिचे चार सुती परकर-पोलकी... नाही, साड्या, आणि बाकी सगळं डिंक, अळीव, सुंठ, खारीक, तिच्या जुन्या नऊवारीची शिवलेली दुपटी.

हॉस्पिटलमधून घरी जाताना कार सीटचा प्रसंग. इथे कार सीटशिवाय बाळ घरी नेता येत नाही. आई म्हणाली मांडीवर घेते की. नर्सनं नाही म्हटलं. तिला इंग्रजी येत नाही आणि त्या नर्सला मराठी, तरी दोघींचं चांगलं पाच मिनिटं भांडण झालं. शेवटी आई मागे बसली, त्या सीटच्या पट्ट्यांमध्ये हात घालून, बाळाचा अंगठा धरून. सगळा रस्ता, "बांधलंय गं माझ्या बाळाला, बांधलंय, पोचलोच हं आपण." मी पुढे बसून ऐकत होते. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता तिचा. मत्सर वाटला असं लिहिलं तर चालेल ना? स्वतःच्याच मुलीचा.

मोरपंखी दुपटं

चालेल गं. मलाही वाटतो.

डाळिंब

सगळ्यांनाच वाटतो, बोलत कोणी नाही.

पोस्टाची पेटी

आमचे बाबा पोस्टात होते. नात झाल्यावर पेढ्यांच्या आधी सुकन्या समृद्धीचा फॉर्म आणला. स्वतःच पालक म्हणून सही करून खातं उघडून मोकळे. दर महिन्याला पेन्शन झाली की आधी तिचे पैसे, मग औषधं. माझ्या सहलीचे पंचवीस रुपये द्यायला तीन दिवस विचार करायचे हे गृहस्थ.

बाकीच्यांसाठी महत्त्वाचं: आजी-आजोबांनी पालक म्हणून उघडलेली सुकन्या खाती ऑक्टोबर २०२४ पासून जन्मदात्या पालकांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या नावावर करून घ्यायची आहेत. मुलीचा जन्मदाखला, जुनं पासबुक, आई-बाबांची कागदपत्रं घेऊन जा. राहिलं असेल तर लगेच करा. बाबांना हे सांगताना मला इतकं जड गेलं. पण स्वतःच घेऊन गेले मला काउंटरवर. पासबुक मात्र अजून त्यांच्याच कपाटात आहे.

डाळिंब

उपयोगाचं. आमच्याकडेही आजोबांच्याच सहीचं आहे, सोमवारी जाते.

लालबागची पायरी

आमचे बाबा गिरणीत, साच्यावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत. पुढचं ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बाबा वॉचमन झाले, मग भाजी विकली, मग काहीच नाही असेही महिने गेले. आई खानावळीचे डबे करायची. बाबांच्या तोंडी एकच शब्द, "नाही." पतंग? नाही. सहल? नाही. गणपतीत नवा शर्ट? नाही. कारण सांगायचे नाहीत आणि आम्ही विचारायचो नाही. मला वाटायचं यांना आम्ही नको आहोत.

नातवाला आजवर "नाही" म्हटलेलं मी ऐकलं नाही. गल्लीतून फिरून आले की पोराच्या हातात काहीतरी असतंच, भिंगरी, फुगा, पिपाणी. मी एकदा चिडलो, म्हटलं बाबा, बिघडेल तो. बाबा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हो म्हणायला किती बरं वाटतं तुला माहीत नाही."

पुन्हा अडवलं नाही मी. पिपाणी पोटमाळ्यावर टाकतो गुपचूप, तो विषय वेगळा.

कैरीचं लोणचं

लालबाग... काय लिहिलंत.

शेवंती

माझे बाबाही गिरणीतच होते. हे वाचायला हवं होतं मला. धन्यवाद.

माटोळी

गोव्याहून, फोंडा. आमचे बाबा चवथीला नैवेद्य दाखवायच्या आधी नेवरीकडे (तुमची करंजी) बघूही द्यायचे नाहीत. माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळांना हात लावला तर दिवसभर उभं करायचे. यंदा नातवाला खांद्यावर घेऊन माटोळीला तोरिंगणाचं फळ बांधायला लावलं, ते पोरानं पाडलं, आणि नेवऱ्यांच्या डब्यातून एक काढून त्याच्या हातात दिली, अजून आरती व्हायची होती. आई बघतच राहिली. बाबा म्हणाले, "भुरग्याक भूक लागल्या, देवाक कळटा." आमच्या वेळी देवाला कळत नसणार.

पैठणी

मी आजी आहे. सुनेनं हे सगळं वाचायला दिलं म्हणून लिहिते, टायपिंगला वेळ लागला.

तुम्ही सगळे म्हणता आम्ही बदललो. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. आमचा बार्शीकडे वाडा, अठरा माणसं. वडीलधाऱ्यांच्या समोर स्वतःचं मूल कडेवर घ्यायचं नाही ही रीत होती. बायकांनी पाजायला घ्यायचं तेवढं. पुरुषांनी तर मुळीच नाही. आमच्या ह्यांनी थोरल्याला मामंजींसमोर एकदाही उचललं नाही. मूल रडत पायाशी आलं तरी हे पेपर वाचत. लोक निर्लज्ज म्हणाले असते. दिराची मुलं उचलत, पुतण्यांना खांद्यावर घेत, ते चालायचं. स्वतःचं नाही.

रात्री माडीवर आलं की कंदील बारीक करून झोपलेल्या पोराच्या पायांची बोटं हातात घेऊन बसायचे. मुलगा जागा असताना कधीच नाही. त्याला कुठून कळणार? तो आजही म्हणतो बाबांनी मला कधी घेतलं नाही. मी सांगितलं तर त्याचा विश्वास बसत नाही.

आणि माझं म्हणाल तर पहाटे पाचला नळ, मग चूल, मग अठरा जणांचे चहा. पोरं नणंदांनी वाढवली. मी त्यांना वाढलं, धुतलं, मारलं, झोपवलं. खेळले कधी? माझा नातू पहिल्यांदा कुशीवर वळला तो मी डोळ्यांनी पाहिला. माझी दोन मुलं कधी वळली, कधी बसली, मला माहीत नाही, मी चुलीपुढे होते.

आता हे नातवाला खांद्यावर घेऊन भर चौकातून जातात, मुद्दाम वेशीपर्यंत. ओळखीचे लोक दिसावेत म्हणून. त्यांना तेव्हाच करायचं होतं ते, बाबांनो.

रानजाई

काकू, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडेही आजोबा होतेच की ओसरीवर, मी दहावीत जाईपर्यंत. अण्णांनी त्यांच्यासमोर आम्हाला हाक मारली तरी पूर्ण नावानं मारायचे. आणि ते गेल्यावर अण्णा एकदम बोलके झाले होते, आम्ही त्याचा वेगळाच अर्थ लावला होता.

घाटवाट

दादा पण. आत्ता आईला फोन केला. म्हणाली, "तुझ्या आजीसमोर? छे रे." सहज म्हणाली, जसं काही सगळ्यांना माहीतच आहे.

परदेशी पाखरू

पैठणी काकू, काकांना नमस्कार सांगा. आणि तुम्ही अजून लिहा, टायपिंगला वेळ लागू दे.

चकली

काकू, थोरल्याला हे वाचायला द्या एकदा. सांगून पटत नसलं तरी लिहिलेलं पटेल.

पैठणी

देते. त्याला वेळ असेल तेव्हा.

पिंपळपान

इकडची बातमी: मध बंद!! सासऱ्यांनी बाटली स्वतः वरच्या फळीवर ठेवली आणि बाळाला म्हणाले, "वाढदिवसाला देईन हं." सहाण अजून ओट्यावर आहे, पण शुक्रवारी डॉक्टरांकडे दोघांना पाठवतेय, हळदीचं पान यांच्या पद्धतीनं.

काकू, एक विचारू का, विषयाला सोडून. सासूबाईंना गुटीऐवजी अळिवाच्या लाडवांना लावलंय माझ्यासाठी, पण त्या म्हणतात इथला गूळ ओला आहे, लाडू बसत नाहीत. प्रमाण काय घेता?

पैठणी

अर्धी वाटी अळीव नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजवायचा, चांगला फुगला पाहिजे. दोन नारळांचा चव. गूळ दीड वाटी, ओला असेल तर त्याहून कमी. सगळं एकत्र करून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, कडेनं सुटून गोळा होईपर्यंत हलवत राहायचं. लोक घाई करतात आणि लवकर उतरवतात, म्हणून बसत नाहीत. जायफळ शेवटी. कोमट असताना वळायचे. नारळ ओला असतो, फ्रिजमध्ये ठेवा, आठ दिवसांत संपवा. रोज एक, सकाळी दुधाबरोबर.

पिंपळपान

घाईच होते आमची. उद्या करून सांगते.